चुरीसर आणि भुजण्याचं गाणं

रानशेतच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांनी आपापले डबे उघडले आणि मी बिस्किटांचा पुडा. समोर एक सडपातळ गृहस्थ बसले होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांनी माझ्या पुड्याकडे बघितलं, आपल्या डब्यातली निम्मी भाजी झाकणात काढली आणि झाकण माझ्यापुढे सरकवलं.

"घ्या बाई. दुधी आहे. दोन कडव्यांचा."

मला वाटलं, या भागात दुधी कडव्यांवर मोजत असतील. मी बार्शीकडची. समुद्र पहिल्यांदा बघितला तो नोकरीचा कागद हातात घेऊन डहाणूला उतरले तेव्हा. इथल्या कितीतरी गोष्टी मला ठाऊक नव्हत्या, त्यात ही एक. मी गंभीरपणे मान हलवली आणि खाल्लं. दुधी चांगला झाला होता. बाकीचे शिक्षक खाली मान घालून हसत होते.

"चुरीसरांचं सगळं गाण्यावर असतं," सोबतचे एक गुरुजी म्हणाले. "वाल असले तर अख्खं भजन लागतं."

"वालाला भजन नाही," चुरीसर शांतपणे म्हणाले. "वालाला पाळणा. बारा कडव्यांचा. भिजवलेले वाल सोलायलाच सात जातात."

हे विनोदाने बोललेलं नव्हतं, हे कळायला मला महिना लागला.

मी डहाणूत भाड्याने खोली घेतली होती आणि सर दोन गल्ल्या सोडून राहायचे. सकाळी एकाच एसटीने रानशेतला जायचं, दुपारी एकाच एसटीने परत. सर खिडकीशी बसायचे आणि पुटपुटत राहायचे. आवाज अगदी वाईट. एसटीचं दार उघडताना जसा निघतो, तसा. पण बोटं मात्र गुडघ्यावर अचूक ठेका धरायची. एकदा मी विचारलं, "सर, आज काय?"

"मेथी. काल जरा कच्ची राहिली. मी शेवटची ओळ एकदाच घेतली, ती दोनदा घ्यायची."

"ती म्हणजे?"

"विमल."

विमल म्हणजे त्यांची बायको. मी यायच्या दोन वर्षं आधी गेली. सरांनी हे सांगताना आवाज बदलला नाही. त्या दिवशी रानशेत येईपर्यंत त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्याच क्रमाने सांगते.

तीस वर्षांचा संसार. सर बाहेरच्या खोलीत वह्या तपासायचे आणि विमलताई आत स्वयंपाक करायच्या. मध्ये एक भिंत. सर स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा जायचे नाहीत, कारण तांब्या-भांडं टेबलावर आयतं यायचं. विमलताई स्वयंपाक करताना गायच्या. माहेरच्या ओव्या, लग्नातली गाणी, रेडिओवरची, पोरांच्या पुस्तकातल्या कविता, जे तोंडात येईल ते. पण प्रत्येक पदार्थाचं ठरलेलं. दुधीला एक, आमटीला एक, पुरणाला एक. सरांना ते ऐकू यायचं, पण ते ऐकत नव्हते. पंखा ऐकू येतो, तसं.

मग त्या आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. मुलगा बडोद्याला नोकरीत. तो म्हणाला, चला माझ्याकडे. सर म्हणाले, शाळा आहे. मग वर्षभर खानावळ. एका रविवारी खानावळ बंद होती. सरांनी डबे हुडकून डाळ काढली, कुकरला लावली, कढईत तेल घातलं आणि तिथेच अडकले. पुढे काय, कशानंतर काय, किती वेळ? विचारायला कुणी नव्हतं. एकही कृती विमलताईंनी कागदावर लिहिलेली नव्हती.

"आणि उभ्या उभ्या माझ्या तोंडात ते गाणं आलं, बाई," सर म्हणाले. "आमटीचं. पहिली ओळ झाली की मोहरी तडतडायची. मला आठवलं. दुसऱ्या ओळीला ती थांबायची आणि खोकायची. तीस वर्षं मी समजत होतो, तिला धुराचा त्रास आहे."

"मग?"

"मिरची हो! ती तिथे मिरची टाकायची."

बसमधल्या दोन बायकांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्याने ते म्हणाले.

त्या दिवसापासून सरांनी वही घातली. ती वही मी पाहिली आहे. शाळेची दोनशेपानी, वर पुठ्ठा, नाव नाही. डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर कृती. गाण्याच्या ओळींमध्ये लाल शाईने खुणा. 'इथे खोकला: मिरची.' 'इथे बांगड्या वाजायच्या: कणीक.' 'इथे नेहमी थांबायची. का?' आणि त्याच्या खाली, बहुधा पुष्कळ दिवसांनी, निळ्या शाईने: 'चव घेत असणार. तोंडात चमचा.' आयुष्यभर मुलांच्या चुकांना लाल गोल करणाऱ्या माणसाने बायकोचा स्वयंपाक असा भिंतीपलीकडून तपासून काढला होता. दुधीला पाच वेळा प्रयत्न, पुरणाला अकरा. सगळ्या तारखा टाकलेल्या. अकराव्यापुढे लिहिलं होतं, 'जमलं. तिच्याइतकं नाही, पण ओळखू येतं.'

शाळेतही हे प्रकरण शिरलंच. आमच्याकडे पोषण आहाराची खिचडी जानकीताई करायच्या. शेजारच्या पाड्यावरच्या, चाळिशीच्या, कामाला वाघ. पण त्या एकट्या आणि हातपंप लांब. पाणी आणायला गेल्या की खिचडी खाली लागायची. सरांनी चौथीचा कवितेचा तास त्या वेळेला घेतला आणि वर्ग स्वयंपाकघराला लागूनच्या ओसरीत बसवला. पोरं तीन कविता म्हणायची. दुसरी संपली की सर उठून खिचडीला एक फेरा मारायचे, तिसरी संपली की जाळ कमी करायचे. पोरांच्या कविता पाठ झाल्या आणि खिचडी लागायची थांबली.

एकदा केंद्रप्रमुख न सांगता आले. नेमकी दुसरी कविता चालली होती. पोरं उठून उभी राहिली आणि एकदम चिडीचूप. साहेबांनी बाकांची रचना विचारली, हजेरी बघितली, फळ्यावरची तारीख बघितली. सर सारखे मागे वळून बघत होते.

"काय हो चुरी, लक्ष कुठे आहे?"

"साहेब, कविता थांबलीय."

"असू द्या, मग घ्या."

"तसं नाही साहेब. खिचडी..."

तेवढ्यात वास आलाच. साहेबांनी सगळी हकिकत ऐकली. मला वाटलं, आता नोटीस येणार. साहेबांनी ताटली मागितली, खालची करपलेली खरवड मुद्दाम वाढून घेतली आणि खाऊन म्हणाले, "पुढच्या वेळी मी आलो तरी कविता थांबवू नका."

जानकीताई सरांना नागलीची भाकर शिकवत होत्या. सरांना ती थापता यायची नाही, कडा फुटायच्या. जानकीताई भातलावणीच्या वेळचं एक गाणं म्हणायच्या, त्यात चार पावलं मागे यायची लय होती, आणि त्या लयीवर परातीतली भाकर फिरवायच्या. सरांनी गाणं वहीत उतरवून घेतलं. शब्द त्यांच्या बोलीतले, सरांनी प्रत्येकाचा अर्थ विचारला. लिहून झाल्यावर पानाच्या वर, जिथे बाकीच्या पानांवर काहीच नव्हतं, तिथे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: जानकीताईंची भाकर, जानकीताईंचं गाणं.

"मास्तर, यात माझा नाव कुठं हाय?" जानकीताईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

सरांनी त्यांचं बोट धरून नाही, आपलं बोट अक्षराखाली ठेवून दाखवलं. जानकीताईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "दोनदा लिवलाय?"

"दोनदा," सर म्हणाले. "भाकर वेगळी, गाणं वेगळं."

त्यानंतर त्या सरांच्या डब्यात रोज एक भाकर टाकायच्या. सर नको म्हणायचे. जानकीताई म्हणायच्या, "तुमची फुटलेली हाय, ही खा."

माझ्यावरचा त्यांचा उपकार मात्र वेगळाच आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले. मी तेव्हा रोज संध्याकाळी रडायचे. खोलीवर एक गॅस, दोन भांडी, आणि मला धड भात येत नव्हता. सरांनी एकदा विचारलं, "आईला फोन करता?"

"रोज करते."

"काय बोलता?"

"जेवलीस का. पाऊस आहे का."

"उद्या तिच्या स्वयंपाकाच्या वेळेला करा. काही बोलू नका. तिला म्हणावं, फोन ओट्यावर ठेव आणि तुझं चालू दे."

आईला वाटलं, माझं डोकं फिरलं. पण ठेवला तिने फोन. त्या दिवशी शेंगोळे होते. हुलग्याचं पीठ मळून बोटाएवढे वळायचे आणि उकळत्या रश्शात सोडायचे. पहिली काही मिनिटं नुसती भांडी वाजली. आई ताठ झाली असणार. मग ती विसरली. आणि एकेक शेंगोळा वळताना ती मी लहान असताना म्हणायची ते बडबडगीत म्हणायला लागली, एका शेंगोळ्याला एक ओळ. ते गाणं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याचं अस्तित्वच मी विसरले होते. मी डहाणूच्या त्या खोलीत, आईनेच बांधून दिलेलं हुलग्याचं पीठ काढून, परातीपुढे बसले आणि तिच्याबरोबर वळत गेले.

दुसऱ्या दिवशी डबा सरांपुढे ठेवला. सरांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"मीठ?" मी विचारलं.

"मीठ बरोबर आहे. शेंगोळे जाड झालेत. ओळ लांब ओढता का तुम्ही?"

मी खरोखरच ओढत होते. आज माझ्याकडे आईच्या हातच्या तेहतीस पदार्थांचे आवाज आहेत. आई सत्तरी ओलांडून मजेत आहे, आणि अजूनही फोन ओट्यावर ठेवताना म्हणते, "तुझ्या त्या मास्तरांची पद्धत चालू दे, आज थालीपीठ आहे."

आता भुजण्याचं सांगायला हवं. बोंबलाचं भुजणं हा विमलताईंचा हातखंडा. ओले बोंबील, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, तेल, सगळं टोपात हाताने कालवायचं आणि एकदमच चुलीवर ठेवायचं. डाव घालायचा नाही, टोपच फडक्याने धरून हलवायचा. बोंबील इतका नाजूक की जरा वेळ जास्त झाला की त्याचं पाणी होतं. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. आणि नेमकं याच गाण्याची सरांना एकच ओळ येत होती. 'भरती आली बंदराला, होड्या लागल्या बाय.' एवढी ओळ विमलताई मोठ्याने म्हणायच्या आणि पुढचं नुसतं गुणगुणायच्या. सरांनी चौदा वेळा भुजणं केलं. चौदा वेळा लाल शाईने लिहिलं, 'विरघळलं.'

"हे गाणं झाईचं आहे," सर म्हणाले. "तिच्या माहेरचं. तिच्या मोठ्या बहिणीला येत असणार."

"मग विचारा ना."

सरांनी नकारार्थी मान हलवली. मग कळलं की आक्का, म्हणजे विमलताईंची थोरली बहीण, गेली तीन वर्षं सरांशी बोलत नव्हती. विमलताईंचं दुखणं सरांनी झाईला कळवलंच नव्हतं. आक्काला कळलं ते एकदम शेवटचंच. तेराव्याला तिने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "माझा भैन मला बघायला पन दिला नाय." तेव्हापासून सरांनी झाईची बस धरली नव्हती.

"तुम्ही का नाही कळवलं, सर?"

"विमल नको म्हणाली. आक्काचे गुडघे गेलेत, ती ऐकलं की तशीच धावत येईल, बरी झाले की मीच जाईन म्हणाली. मला वाटलं, होईल बरी."

"मग हे आक्कांना सांगा."

"मेलेल्या माणसावर ढकलू?" सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पण चौदा भुजणी विरघळली होती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "बाई, याल का बरोबर? बाईमाणूस असलं तर ती दार तरी लावून घेणार नाही."

आम्ही घोलवड-बोर्डीवरून झाईला गेलो. वाटेत चिकूच्या वाड्या लागल्या, सरांनी एकदाही पुटपुटलं नाही. आक्काचं घर बंदराजवळ. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीने वाळत टाकलेले आणि आक्का ओट्यावर पाय पसरून बसलेली. तिने आधी मला बघितलं, मग सरांना.

"मास्तर," ती म्हणाली. "वाट सापडली?"

सर अंगणातच उभे राहिले. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि विद्यार्थ्याने गृहपाठ न केल्याचं कबूल करावं तसं सगळं सांगितलं. खानावळ, आमटी, खोकला, मिरची, चौदा भुजणी. आक्का तोंड वळवून ऐकत होती. शेवटी सर म्हणाले, "पुढच्या ओळी येत नाहीत, आक्का. त्यासाठी आलो."

"कंचा गाणा?"

सरांनी त्यांच्या त्या आवाजात पहिली ओळ म्हटली. आक्काने झटकन मान वळवली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही आता ओरडणार. पण ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं.

"मास्तर, हा गाणा झाईचा नाय," ती म्हणाली. "हा तिनाच केलेला. माहेराला आली का आमाला म्हणून दाखवायची. आमी सगळ्या भैनी हसून लोळायचो." आणि तिने तिथेच, मांडीवर थाप देत, पूर्ण गाणं म्हटलं:

'भरती आली बंदराला, होड्या लागल्या बाय,
माझ्या मास्तराला अजून वहीतून उठना नाय.
लाल शाई ठेव राजा, भूक लागत नाय?
किती राखू टोप चुलीवर, बोंबील थांबत नाय.'

सरांनी खिशातून लाल पेन काढलं होतं लिहून घ्यायला. ते तसंच हातात राहिलं. तीस वर्षं भिंतीपलीकडून ती त्यांना जेवायला बोलावत होती आणि ते वह्या तपासत होते. सर हसले आधी. मग ओट्याच्या कडेला बसले आणि चष्मा काढून हातात धरला.

मग आक्का म्हणाली, "मास्तर, तिनाच सांगितलेला ना, आक्काला कळवू नका म्हणून?"

सरांनी मान वर केली नाही.

"मला म्हाइत होता. मी तिला लहानपणापासून वळखते. ताप आला तरी लपवायची." आक्काने पदराने नाक पुसलं. "पन मास्तर, तिच्यावर कसा रागवू? ती गेली. कुनावर तरी रागवायला पायजे होता. तुमी होतात."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "रागवा."

"झाला आता. तीन वरसा पुरे झाला." आक्का भिंतीला धरून उठली. "चला आत. बोंबील ताजे हायत."

त्या दुपारी आक्काने स्टुलावर बसून हुकूम सोडले आणि सरांनी भुजणं केलं. गाणं दोन वेळा म्हणायचं होतं, दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळीला टोप उतरवायचा. सर म्हणत होते आणि आक्का मधूनच साथ देत होती. टोप उतरला. झाकण काढलं. बोंबील अख्खे होते. सरांनी पहिलं ताट आक्काला वाढलं. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "मिरची कमी." मग दुसरा घेतला.

वहीत त्या पानावर लाल शाईचं एकही अक्षर नाही. निळ्याने एवढंच आहे: 'पंधरावं. आक्काच्या घरी.' पुढे दर महिन्याला सर झाईला जायचे. आक्काचे गुडघे फारच धरले तेव्हा तिला डहाणूला आपल्या घरी आणून दोन महिने ठेवलं, आणि हातचं करून घातलं.

चार वर्षांनी माझी बदली आमच्या जिल्ह्यात झाली. सर त्यानंतर निवृत्त झाले. फोन व्हायचे. मागच्या पावसाळ्यात आक्काच्या सुनेचा फोन आला, सर सकाळी चहा ठेवताना गेले म्हणून. त्रास झाला नाही. वही आता त्यांच्या मुलाकडे बडोद्याला आहे, आणि तो आमटी करतो असं कळलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. मी एका लग्नासाठी तलासरीला आले होते, वाटेत डहाणूला उतरले. दार उघडंच होतं. सर गॅसपाशी होते, शर्टाला पीठ लागलेलं. केसात काळा एकही उरला नव्हता.

"बसा बाई, वेळेवर आलात. चाखा." त्यांनी वाटीतून वाफाळता तुकडा काढून दिला. तांदळाच्या रव्याचं सांदण, पण तपकिरी.

"हे काय आहे सर?"

"चिकू. पिकलेला चिकू घालून बघितला."

"विमलताई करायच्या?"

"छे. तिने कधीच नाही केलं. कुणीच केलेलं नाही, मी विचारलं सगळीकडे. हे माझं आहे." ते जरा लाजले. "याला अजून गाणं नाही. नुसतं घड्याळ लावून केलंय."

मी खाल्लं. गोड फार झालं होतं आणि मध्ये थोडं कच्चं होतं. मी तसं सांगितलं. सरांनी दुसऱ्यांच्या वह्या तपासताना करायचे तशी भुवई वर केली, स्वतः एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "हं. खरं आहे."

तासभर बोलत बसलो. निघताना ते रिक्षापर्यंत येतो म्हणाले, मी नको म्हटलं, ऊन फार होतं. दारातूनच हात केला. रिक्षा सुरू व्हायला जरा वेळ लागला म्हणून मी मागे वळून बघितलं, तर सर दारात नव्हते. केव्हाच आत गेले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. पुढे टोपलीभर चिकू होते, आणि ते दुसरा सोलायला बसले होते.